भाड्याचे घर: रिकामा महिना धरून हिशेब कसा करावा

भाड्याने देण्यासाठी घर घेऊ पाहणारा माणूस पहिल्या भेटीत बहुधा एकच प्रश्न विचारतो, 'भाडे किती येईल?' हा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मी घरांची खरेदी-विक्री आणि भाड्याचे व्यवहार पाहतो, स्वतःची दोन घरेही भाड्याने दिलेली आहेत, आणि एवढ्या वर्षांत मला पटलेली गोष्ट अशी की या व्यवहारातला नफा भाड्याच्या आकड्यापेक्षा घर वर्षातून किती महिने भरलेले राहते आणि ते भरलेले ठेवायला किती खर्च येतो, यावर जास्त ठरतो. एक महिना घर रिकामे राहिले तर वर्षाच्या भाड्यातले ८.३ टक्के गेले, आणि दोन महिने राहिले तर सहावा हिस्सा गेला. या काळात कर, इमारतीचा देखभाल खर्च आणि कर्जाचा हप्ता मात्र चालूच असतात. म्हणून घर निवडण्यापासून करार संपेपर्यंतचे सगळे टप्पे मी रिकाम्या महिन्याच्या नजरेने पाहतो. नव्या एजंटानेही हे वाचावे, कारण मालकाचे घर वारंवार रिकामे होत असेल तर एजंटाचे नावही त्याबरोबर खाली येते.

आधी कागदावरचे गणित

घराची किंमत १०० धरा. नोंदणी, शुल्क, दलाली आणि ताबा घेतल्यावरची पहिली डागडुजी मिळून आणखी १० लागले, म्हणजे प्रत्यक्षात तुमचे ११० गुंतले. वर्षाचे भाडे ६ येणार असेल तर विकणारा म्हणेल की ६ टक्के परतावा आहे. आता त्यातून एक रिकामा महिना, म्हणजे ०.५, वजा करा. दुरुस्तीसाठी दरवर्षी घराच्या किमतीच्या १ टक्का बाजूला ठेवण्याची जुनी आणि चांगली सवय आहे, तो १ वजा करा. कर, विमा आणि इमारतीचा देखभाल खर्च मिळून ०.६ आणि भाडेकरू बदलताना लागणारी दलाली, रंगकाम, साफसफाई यांसाठी ०.३ धरा. हाती उरले ३.६, आणि ते १०० वर नव्हे तर ११० वर मोजायचे, म्हणजे खरा परतावा साधारण ३.३ टक्के. जाहिरातीतला आकडा जवळजवळ निम्म्यावर आला, आणि यात कोणीही खोटे बोललेले नाही. फक्त खर्चाच्या बाजू कोणी मांडल्या नव्हत्या.

कर्ज घेतले असेल तर हिशेब आणखी बारकाईने करावा लागतो. वरच्याच घरासाठी ७५ इतके कर्ज ९ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले, तर वर्षाचे हप्ते ८.१ होतात, आणि पहिल्या वर्षी त्यातले सुमारे ६.७ नुसते व्याजात जातात. मुद्दल फिटते ते केवळ १.४. घरातून येणार ३.६ आणि बँकेला द्यायचे ८.१, म्हणजे दरवर्षी ४.५ तुम्हाला स्वतःच्या पगारातून किंवा धंद्यातून घालावे लागतील. व्याजदर बदलता असेल आणि तो १० टक्क्यांवर गेला, तर वर्षाचा हप्ता ८.७ होतो. अनेकांना आश्चर्य वाटते ते पुढच्या गोष्टीचे: ९ टक्क्यांच्या या कर्जाची १० वर्षे, म्हणजे निम्मी मुदत, संपली तरी सुमारे ७१ टक्के मुद्दल शिल्लक असते. घराचा स्वतःचा परतावा व्याजदरापेक्षा कमी असेल तर कर्ज परतावा वाढवत नाही, उलट खाऊन टाकते. अशी खरेदी करूच नये असे मी म्हणत नाही. पण मग आपण भाड्यासाठी नव्हे तर किंमत वाढेल या आशेवर घर घेत आहोत, हे स्वतःशी कबूल करावे आणि दरवर्षीची तूट भरून काढण्याची ताकद आहे का, ते आधीच पाहावे. माझ्या मते किमान सहा महिन्यांचे हप्ते आणि एका मोठ्या दुरुस्तीचा खर्च हाताशी नसेल, तर दुसरे घर घेण्याची घाई करू नये.

घर पाहताना

घर दिवसा एकदा आणि रात्री एकदा पाहावे, आणि जमल्यास मोठा पाऊस पडून गेल्यावर पुन्हा पाहावे. दुपारच्या शांत वेळी आवडलेले घर रात्री रस्त्याच्या आवाजाने झोपू देत नाही, असे पुष्कळदा होते, आणि अशा घरातला भाडेकरू पहिली संधी मिळताच निघून जातो.

भिंती पाहण्याची माझी पद्धत सांगतो, कारण भाड्याच्या घरात सर्वांत जास्त तक्रारी ओलाव्याच्या असतात. खोलीतले दिवे बंद करावेत, टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून धरावा आणि प्रकाश भिंतीवरून सरपटत जाऊ द्यावा. समोरून पाहताना सपाट दिसणाऱ्या भिंतीवर जिथे रंगाला फुगे आले आहेत, पोपडे सुटू लागले आहेत किंवा नव्याने लांबी (पुट्टी) भरली आहे, तिथे लगेच सावल्या उमटतात. एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिलेला असेल तर त्याचे कारण विचारावे आणि त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे ते जाऊन पाहावे. बहुतेक वेळा पलीकडे न्हाणीघर निघते. भिंतीवर मिठासारखी पांढरी भुकटी दिसली तर समजावे की पाणी भिंतीतून मुरत आले, विटा आणि सिमेंटमधले क्षार त्याने बरोबर आणले आणि पाणी वाळल्यावर ते बाहेर उरले. ती भुकटी पुसून रंग दिल्याने काही साधत नाही, पाण्याची वाट बंद करावी लागते. जमिनीलगत ओल असेल तर पाणी बहुधा खालून चढते आहे, आणि छताला डाग असेल तर वरच्या मजल्यावरच्या नळजोडणीत दोष असण्याची शक्यता जास्त. वरचे घर दुसऱ्याच्या मालकीचे असेल तर ही दुरुस्ती केवळ तुमच्या हातात राहत नाही, आणि भावाची बोलणी करताना ही बाब जरूर मांडावी.

फरशीवर बोटाच्या पेराने ठोकत चालावे. जिथे बद्द आवाज येतो तिथे खाली पोकळी आहे आणि ती फरशी उद्या उखडणार आहे. घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडे दहा मिनिटे पाहावे. काटा फिरत असेल तर कुठेतरी गळती आहे. संडासाच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे थेंब टाकून पंधरा मिनिटे थांबावे आणि रंग खाली भांड्यात उतरला तर टाकीतला पाणी अडवणारा रबरी पडदा बदलावा लागणार असे समजावे. ही दुरुस्ती स्वस्त असते, पण ती न केल्यास पाण्याचे बिल महिनोन्महिने वाढत राहते. विजेच्या पेटीत गळती प्रवाह तोडणारी कळ आहे का, ते पाहावे. माणसाला धक्क्यापासून वाचवण्यासाठी ती ३० मिलिअँपियरची असावी लागते, आणि तिच्यावरचे चाचणीचे बटण दाबल्यावर ती लगेच खाली पडली पाहिजे. ती नसेल तर भाडेकरू राहायला येण्याआधी बसवून घ्यावी. दुसऱ्याच्या मुलाबाळांना आपण त्या घरात राहायला बोलावतो आहोत, तेव्हा इथे काटकसर करणे मला अजिबात मान्य नाही.

प्लास्टरमधल्या केसासारख्या बारीक भेगा बहुतेक घरांत असतात. परंतु खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, ५ मिलिमीटरहून रुंद किंवा भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी भेग असेल तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय विसार, म्हणजे व्यवहार पक्का करण्याची आगाऊ रक्कम, देऊ नये. कागदपत्रांचेही तसेच. मालकी, घरावरचा बोजा, थकीत देणी आणि बांधकामाची परवानगी या चार गोष्टी घर ज्या ठिकाणी आहे तिथल्या वकिलाकडून तपासून घ्याव्यात, विकणाऱ्याने सुचवलेल्या वकिलाकडून नव्हे.

भाडे किती ठेवावे

शेजारच्या घरांचे मागितलेले भाडे आणि प्रत्यक्षात ठरलेले भाडे यांत अंतर असते, आणि आपल्याला दुसरा आकडा हवा असतो. गेल्या काही महिन्यांत त्याच भागात, त्याच आकाराची जी चार-पाच घरे गेली, ती किती भाड्याला आणि किती दिवसांत गेली, हे विचारून काढावे. त्यानंतर एक साधे गणित करावे. भाडे ५ टक्के जास्त मिळावे म्हणून घर एक महिना रिकामे ठेवले, तर गेलेला महिना भरून यायला २० महिने लागतात. करार वर्षाचा असेल तर भाडेकरू दुसऱ्या वर्षीही राहिला तरच ही थांबण्याची किंमत वसूल होणार. याच न्यायाने वेळेवर भाडे देणारा, घर नीट ठेवणारा भाडेकरू असेल तर नूतनीकरणाच्या वेळी बाजारभावापेक्षा थोडे कमी भाडे घेणे हा मला तोटा वाटत नाही. नवा भाडेकरू येताना रंग, साफसफाई, दलाली आणि रिकामे दिवस मिळून जो खर्च होतो, तो एकदा मांडून पाहिला की हे पटते.

भाडेकरूची निवड

निवडीचे निकष घर दाखवण्याआधीच लिहून ठेवावेत आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच लावावेत. उत्पन्न किती आणि ते नियमित आहे का, आधीच्या घरमालकाचा अनुभव काय, आणि किती काळ राहण्याचा विचार आहे, एवढे तीन प्रश्न बहुतेक वेळा पुरतात. भाडे उत्पन्नाच्या साधारण ३० टक्क्यांच्या आत असावे हा ढोबळ नियम जगभर वापरला जातो आणि तो उपयोगी आहे, कारण त्यापलीकडे भाडे गेले की एखादे आजारपण किंवा नोकरीतला खंड आला तरी भाडे चुकते. आधीच्या मालकाशी बोलताना सध्याच्या मालकापेक्षा त्याच्या आधीच्या मालकाचे मत अधिक मोकळे असते. सध्याच्या मालकाला त्रासदायक भाडेकरू लवकर जावा असे वाटत असू शकते. माणसाची जात, धर्म, खाणेपिणे किंवा वैवाहिक स्थिती यांचा भाडे वेळेवर येण्याशी काही संबंध नाही, आणि यांतल्या काही कारणांनी नकार देणे अनेक ठिकाणी कायद्यानेही गुन्हा किंवा दंडास पात्र आहे. एजंटाने मालकाची अशी मागणी मान्य करू नये आणि तसे स्पष्ट सांगावे.

करार आणि ताबा

करारात भाडे, ते देण्याची तारीख, अनामत रक्कम आणि ती परत करण्याची मुदत, सूचनेचा कालावधी, भाडेवाढ, आणि कोणती दुरुस्ती कोणी करायची, हे सर्व असावेच. पण माझा अनुभव असा, की भांडणे कराराच्या कलमांवरून कमी होतात आणि घराच्या अवस्थेवरून जास्त होतात. माझे पहिले घर मी घाईत भाड्याने दिले. किल्ल्या हातात दिल्या, हस्तांदोलन केले आणि निघालो. दोन वर्षांनी घर ताब्यात घेताना स्वयंपाकाच्या ओट्याच्या दगडाला आरपार तडा दिसला. भाडेकरू म्हणाला की तो आधीपासून होता. मला तो आठवत नव्हता, पण नव्हताच असे दाखवणारा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. मी अनामत पूर्ण परत केली, आणि आजही मला वाटते की तेच योग्य होते, कारण पुरावा ठेवण्याची जबाबदारी माझी होती.

तेव्हापासून ताबा देताना मी भाडेकरूबरोबर एक तास घरात काढतो. दारापासून सुरुवात करून उजव्या हाताने खोलीखोलीतून फिरायचे, प्रत्येक भिंत, खिडकी, नळ, दिवा आणि फरशी यांचे फोटो घ्यायचे, वीज आणि पाणी यांच्या मीटरवरचे आकडे वाचता येतील असे टिपायचे, आणि जिथे खरचटले किंवा डाग आहे तिथे भाडेकरूलाच बोट ठेवायला सांगून फोटो काढायचा. मग यादी दोन प्रतींत करून दोघांनी सही करायची, किती किल्ल्या दिल्या तेही लिहायचे, आणि सगळे फोटो त्याच दिवशी दोघांच्या ईमेलवर पाठवायचे, म्हणजे तारखेबद्दल पुढे वाद राहत नाही. घर सोडताना हीच यादी घेऊन पुन्हा फिरायचे. वापराने होणारी झीज आणि नुकसान यांत फरक असतो, हे दोन्ही बाजूंना त्या पहिल्या दिवशीच समजावून सांगावे: रंग फिका पडणे, खिळ्याची छोटी भोके, पायवाटेवरची फरशी निस्तेज होणे ही झीज आहे आणि तिचे पैसे अनामतीतून कापू नयेत, फुटलेले संडासाचे भांडे, जळालेला ओटा, तुटलेले दार हे नुकसान आहे.

दुरुस्तीबाबत एवढेच सांगतो की तक्रार आल्यावर त्याच दिवशी उत्तर द्यावे, काम चार दिवसांनी होणार असले तरी. भाडेकरू घर सोडतो तेव्हा कारण भाडे असल्याचे सांगतो, पण खोलात विचारले तर पुष्कळदा महिनाभर गळत राहिलेला नळ निघतो.

नव्या एजंटासाठी

या कामात पहिले उत्पन्न यायला काही महिने जातात आणि त्यानंतरही ते एकसारखे येत नाही, म्हणून सुरुवात करण्याआधी घरखर्चाची किमान सहा महिन्यांची तरतूद असावी. हे मी पैशांच्या काळजीपोटी कमी आणि प्रामाणिकपणाच्या काळजीपोटी जास्त सांगतो आहे. महिनाअखेरीला ज्याला दलालीची निकड असते, त्याला अयोग्य घर योग्य आहे असे सांगण्याचा मोह होतो.

आपल्या राहत्या ठिकाणी एजंटाला परवाना किंवा नोंदणी लागते का, ते पाहून ती पूर्ण करावी. मग सगळे शहर पालथे घालण्यापेक्षा एक लहान भाग निवडावा आणि तो पायी फिरून पाठ करावा: कोणत्या इमारतीत पाण्याचा दाब कमी आहे, कोणत्या जिन्यात अंधार असतो, कोणत्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही, कुठले घर तीन वर्षांत चारदा रिकामे झाले. झालेल्या प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवावी, त्यात मागितलेला आकडा, ठरलेला आकडा आणि लागलेले दिवस हे तीन रकाने असावेत. वर्षभरात ही वही तुमचे खरे भांडवल होते. मालक जेव्हा अवास्तव किंमत सांगतो, तेव्हा वाद घालण्याऐवजी वही उघडून शेवटचे पाच व्यवहार त्याच्यासमोर ठेवावेत. तरीही तो ऐकत नसेल तर किती दिवसांनी किंमत पुन्हा पाहायची, हे त्याच दिवशी ठरवून घ्यावे, कारण फार दिवस पडून राहिलेल्या घरात काहीतरी खोट असणार, असे गिऱ्हाईक धरून चालते.

घर दाखवायला नेण्याआधी गिऱ्हाइकाशी फोनवर दहा मिनिटे नीट बोलावे: किती माणसे राहणार, कामाची जागा कुठे, कधीपासून हवे, किती भाडे जमेल, आणि सध्याचे घर का सोडता आहात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत मोलाचे असते. सध्याच्या घरात उजेड नाही म्हणून निघालेल्या कुटुंबाला तुम्ही स्वस्त पण अंधारे घर दाखवले, तर त्यांची दुपार आणि तुमचा त्यांच्या मनातला विश्वास दोन्ही गेले. घराचा दोष तुम्हाला ठाऊक असेल तर तो दारातच सांगावा. 'मागच्या खोलीच्या या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, मालकांनी दुरुस्ती करून देण्याचे मान्य केले आहे आणि ते करारात लिहून घेऊ,' असे म्हटल्यावर माणसे पळून जातात असा माझा अनुभव नाही. ज्यांना ते चालणार नाही ती निघून जातात, आणि ती तशीही दोन महिन्यांनी गेलीच असती.

दलाली किती, कोण देणार आणि केव्हा, हे पहिल्या भेटीतच लेखी सांगावे. दोन्ही बाजूंकडून घेत असाल तर दोघांनाही ते माहीत असले पाहिजे, आणि आपण कोणाच्या वतीने बोलतो आहोत हेही. विसार किंवा अनामत स्वतःच्या खात्यात एक दिवसही ठेवू नये. ती थेट मालकाला जावी, किंवा कायद्याने सांगितलेल्या वेगळ्या खात्यात जावी, आणि पावती लगेच द्यावी. कायद्याचा किंवा कराचा प्रश्न आला तर अंदाजाने उत्तर न देता वकिलाकडे किंवा कर सल्लागाराकडे पाठवावे.

आणि व्यवहार झाला की फोन बंद करू नये. ताबा दिल्यावर आठवड्याने भाडेकरूला फोन करून काही अडचण आहे का, ते विचारावे. करार संपायच्या ९० दिवस आधीची तारीख वहीत लिहून ठेवावी आणि त्या दिवशी आधी भाडेकरूला, मग मालकाला फोन करावा. भाडेकरू राहणार असेल तर नव्या भाड्याचे बोलणे तेव्हाच सुरू होते, आणि जाणार असेल तर घर दाखवायला पूर्ण तीन महिने हातात मिळतात. भाडेकरूची परवानगी घेऊन, त्याच्या सोयीची वेळ ठरवून घर दाखवावे, म्हणजे एकाची जाण्याची आणि दुसऱ्याची येण्याची तारीख यांत रंगकामाला लागणाऱ्या चार-पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर राहत नाही.